‘बीटलज्यूस’ची ४के डिस्क घरी अंधारी का दिसते, आणि ती कशी पाहावी

प्रश्न असा आला आहे: “दादा, मी सिंदेवाहीजवळच्या गावात राहतो. दिवाळीत ५५ इंची ४के टीव्ही घेतला. बाहेरदेशी असलेल्या मावसभावानं डिस्क प्लेअर आणि ‘बीटलज्यूस’ची ४के डिस्क पाठवली. हाच पिक्चर आधी मोबाइलवर पाहिला तेव्हा लई मजा आली होती. आता टीव्हीवर अंधारा दिसतो, चित्रावर बारीक मुंग्या चालल्यासारखं वाटतं, भुतं तर उघड उघड रबराची दिसतात. बोलणं ऐकू येत नाही आणि गाणं लागलं की घर हादरतं. डिस्क खराब आली का? की स्ट्रीमिंगच बरं होतं?”

डिस्क खराब नाही. टीव्हीही खराब नाही. अंधार आणि आवाज या तक्रारी सेटिंगच्या आणि खोलीच्या आहेत, त्या दुरुस्त होतात. मुंग्या आणि रबर या मात्र तक्रारीच नाहीत. पिक्चर तसाच बनवला आहे, आणि मोबाइलवर न दिसलेलं आता दिसतंय म्हणजे डिस्क तिचं काम चोख करते आहे.

मी वडसा-ब्रम्हपुरीच्या पट्ट्यात झाडीपट्टीच्या (म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या) नाटकांना लाइट-साउंड देणारा माणूस. हंगाम नसला की घरोघरी टीव्ही आणि स्पीकर बसवून देतो. म्हणून आधी नाटकवाल्याच्या बाजूनं बोलतो, मग मेनूत शिरू.

आपल्या नाटकात भूत येतं तेव्हा लाइटवाला काय करतो? समोरचे पांढरे दिवे उतरवतो, खालून हिरव्या जिलेटिनचा एक दिवा चढवतो, मागून थोडा निळा. नटाच्या तोंडाला पावडर, डोळ्याखाली काजळ. मंडपातल्या हजारभर लोकांपैकी एकालाही ते भूत खरं वाटत नाही. तरी पुढच्या सतरंजीवरची पोरं आईला बिलगतात आणि मागचे बाप्ये त्याच क्षणाला हसत असतात. भीती आणि हसू एकाच दिव्यातून निघतं. आता एखाद्या शहाण्यानं “नीट दिसत नाही जी” म्हणून समोरून हॅलोजन मारला, तर भूत मरतं आणि विनोदही मरतो. उरतो तो पावडर लावलेला गावातला माणूस.

‘बीटलज्यूस’ हा १९८८चा टिम बर्टनचा पिक्चर याच जातीचा आहे. तरुण नवरा-बायको पुलावरून गाडी पडून मरतात, आपल्याच घरात भुतं होऊन राहतात, घरात शहरातलं एक नखरेल कुटुंब येतं, आणि त्यांना हाकलायला हे दोघं बीटलज्यूस नावाच्या एका लबाड भुताची मदत घेतात. पडद्यावर भुतं माणसांना घाबरतात, माणसं भुतांना नाही. बर्टननं इफेक्ट मुद्दाम स्वस्तातल्या जुन्या भयपटांसारखे ठेवले. सुमारे दीड कोटी डॉलरच्या बजेटमध्ये इफेक्टच्या वाट्याला जेमतेम दहा लाख आले असं सांगतात. आणि याच पिक्चरला मेकअपचं ऑस्कर मिळालं. म्हणजे रबर दिसतं ते चुकून नाही. ते रबर कुणीतरी फार प्रेमानं घडवलं आहे, आणि चांगल्या डिस्कमध्ये त्यावरचा ब्रशचा हात दिसला पाहिजे.

जो पिक्चर आपण खोटा आहे हे लपवत नाही, त्याचा खोटेपणा टीव्हीनं सुधारायला जाऊ नये. माझं म्हणणं एवढंच, आणि खालची सगळी खटपट त्याचसाठी आहे.

आता त्या मुंग्या. हा पिक्चर फिल्मवर चित्रित झाला आहे. फिल्ममध्ये चांदीच्या क्षारांचे कण असतात, त्यातून उमटलेला दाणा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतो, म्हणून तो हलताना दिसतो. याला ग्रेन म्हणतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, कमी डेटाच्या व्हिडिओत तो चेपून जातो. त्यातही एक गंमत पाहा: साध्या संवादाच्या दृश्यात दाणा बारीक असेल, आणि भुताचा इफेक्ट आला की एकदम जाड होईल. तेव्हा आजच्यासारखे कॉम्प्युटरवरचे इफेक्ट नव्हते. या पिक्चरमधला वाळूतला पट्ट्यापट्ट्यांचा अजगर वेगळा, नट वेगळे, मागचा देखावा वेगळा चित्रित करायचा आणि ऑप्टिकल प्रिंटरवर (एका फिल्मवरचं चित्र दुसरीवर उतरवणाऱ्या यंत्रावर) एका फिल्मवर एक चढवत जायचं. दरवेळी फिल्मची एक पिढी वाढते, दाणा वाढतो, कडा थोड्या मऊ होतात. ४केत हा फरक स्पष्ट कळतो. मला तो आवडतो. कुठल्या शॉटवर किती हात फिरले ते समजतं.

टीव्हीच्या मेनूत ‘नॉइज रिडक्शन’ नावाचं जे काही असेल, दोन-तीन नावांनी असेल, ते सगळं बंद करा. ते चालू ठेवलं की दाणा जातो, पण सोबत कातडीची छिद्रं, कापडाचं सूत आणि मेकअपचे पापुद्रेही जातात. सगळे चेहरे फोटो स्टुडिओनं गुळगुळीत केलेल्या लग्नाच्या अल्बमसारखे होतात. ‘शार्पनेस’ही शून्यावर किंवा कंपनीनं दिलेल्या सर्वांत खालच्या खुणेवर आणा. तो वाढवला की प्रत्येक कडेला पांढरी रेघ येते, आणि ऑप्टिकल शॉटमधल्या ज्या कडा आधीच नाजूक असतात तिथं ती फारच बोचते.

सर्वांत मोठा शत्रू अजून पुढं आहे. एलजीत त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा. हे सेटिंग दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनानं नवीन फ्रेम घालतं आणि हालचाल तेल लावल्यासारखी करतं. क्रिकेटला चालेल. पण तो अजगर स्टॉप-मोशननं हलवला आहे, म्हणजे बाहुलं जरासं सरकवायचं, एक फोटो, परत सरकवायचं, परत फोटो. त्याचं थरथरत, अडखळत येणं हीच त्याची चाल आहे. टीव्हीनं मधल्या फ्रेम भरल्या की ते बाहुलं ना बाहुलं राहतं, ना अजगर होतं. कडा चिखलासारख्या पसरतात. तुमच्या टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो एकच निवडा, यातलं बहुतेक आपोआप बंद होतं. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ घ्या आणि हालचालीचं सेटिंग हातानं बंद करा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, कारण दुकानातून येताना टीव्ही निळसर पांढऱ्यावर ठेवलेला असतो. राहू द्या तसंच. डोळा बसतो.

अंधाराचं कारण एचडीआर, म्हणजे उजेड आणि काळोख यांतलं अंतर जास्त दाखवणारी चित्राची पद्धत. साध्या व्हिडिओत उजेड टीव्हीच्या ऐपतीप्रमाणं कमी-जास्त होतो. एचडीआरमध्ये डिस्क टीव्हीला मोजून सांगते की या ठिकाणी इतका उजेड हवा. डिस्क हजार किंवा त्याहून जास्त निटच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप) हिशोबानं बनवलेली असते, आणि मधल्या किमतीचा टीव्ही तीनशे-साडेतीनशेच्या आसपास थकतो. मग तो वरचा उजेड बसवायला सगळं चित्र खाली दाबतो. त्यात ‘एनर्जी सेव्हिंग’ किंवा खोलीतल्या उजेडाप्रमाणं चित्र बदलणारा सेन्सर चालू असला की संपलंच.

म्हणून आधी ते बचतीचं सेटिंग बंद, बॅकलाइट पूर्ण. ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ (दृश्याप्रमाणं उजेड टीव्हीच्या ऐपतीत बसवणारं सेटिंग) किंवा तशा अर्थाचं काही असेल तर या पिक्चरपुरतं चालू करून पाहा. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण कमी उजेडाच्या टीव्हीवर ते खरंच उपयोगी पडतं. प्लेअर ज्या एचडीएमआय खाचेत लावला आहे तिचं पूर्ण क्षमतेचं सेटिंगही चालू आहे ना ते बघा. सॅमसंगला इनपुट सिग्नल प्लस, सोनीला एन्हान्स्ड फॉरमॅट, एलजीला डीप कलर. हे बंद असलं की काही टीव्हींवर एचडीआर नीट पोचतच नाही. आणि एवढं करूनही अंधारंच वाटलं, तर डबीत साधी ब्लू-रे (४केच्या आधीची, कमी बारकाव्याची डिस्क) असेल ती लावा. ब्लू-रेला प्रदेशाची अडचण येऊ शकते, भारत सी गटात आहे आणि अमेरिका ए गटात. ४के डिस्कला ती अडचण नाही. माझं स्पष्ट मत सांगतो: मंद टीव्हीवर नीट लावलेली ब्लू-रे ही कोंदटलेल्या ४केपेक्षा चांगली.

आता टीव्ही कुठं टांगला आहे ते सांगा. आपल्याकडं तो देवाच्या फोटोंच्या ओळीत, दरवाजाच्या चौकटीच्या उंचीवर असतो आणि माणसं खाली गादीवर बसतात. पुष्कळ एलईडी टीव्हींचा काळा रंग खालून पाहिला की करडा होतो. सतरंजीवर बसून पाहणार असाल तर टीव्ही हातभर उंचीच्या टेबलावर ठेवा. अंतरही तपासा: ५५ इंचांवर सातेक फुटांच्या पलीकडं बसलात तर ४के आणि ब्लू-रेमधला बारकाव्याचा फरक डोळ्याला पकडताच येत नाही, रंगाचा आणि उजेडाचा तेवढा राहतो. आपल्या लांबोळक्या खोल्यांत लोक बारा फुटांवर भिंतीला टेकून बसतात आणि मला विचारतात, ४केत वेगळं काय आहे!

ट्यूबलाइट बंद करा. पूर्ण अंधार डोळ्याला टोचत असेल तर टीव्हीच्या मागं, भिंतीकडं तोंड करून एक मंद पांढरा दिवा ठेवा. लाल झिरो बल्ब नको. खोलीला हिरवा ऑइलपेंट असेल तर टीव्हीच्या मागच्या भिंतीवर एखादी करडी किंवा काळी चादर लावून बघा, कारण हा पिक्चर हिरव्या रंगावर फार खेळतो आणि भिंतीचा हिरवा त्यात नाक खुपसतो.

आवाजाचं दुखणं जास्त सोपं आहे. या डिस्कवर डॉल्बी ॲटमॉसचा ट्रॅक आहे, तो मोठ्या साउंडसाठी. त्यात बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. तुमच्याकडं फक्त टीव्हीचेच स्पीकर असतील तर प्लेअरच्या मेनूत ऑडिओ ‘पीसीएम’वर (म्हणजे प्लेअरनंच उलगडून दिलेल्या साध्या आवाजावर) करा आणि दोन चॅनेलचं मिश्रण निवडा, म्हणजे मधला आवाज दोन्ही बाजूंना वाटला जाईल. ‘डीआरसी’ किंवा ‘नाइट मोड’ असेल तर चालू करा. हळू आवाज वर येतो, धडाम् खाली येतं. साउंडबार असेल आणि तो टीव्हीतून जोडलेला असेल तर दोन्हीकडं ईएआरसी (टीव्हीतला आवाज एचडीएमआयच्या तारेतून साउंडबारला नेणाऱ्या एआरसीची सुधारलेली सोय) आहे का पाहा. साध्या एआरसीतून डिस्कवरचा पूर्ण, न चेपलेला ट्रॅक जात नाही. साउंडबार शोकेसच्या काचेच्या खणात कोंडू नका. आणि तोंड हलल्यावर शब्द उशिरा येतोय असं वाटलं तर साउंडबारमध्ये किंवा प्लेअरमध्ये ‘एव्ही सिंक’ असतं, तिथं थोडं पुढं-मागं करा. भयपटात हे एक वेळ खपतं, विनोदात नाही. नाटकात डायलॉगवरचं म्युझिक अर्धा सेकंद उशिरा वाजलं तर हशा जातो, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे.

खोलीचं म्हणाल तर स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, बास कोपऱ्यात साचतो. समोरच्या भिंतीवर दोन जाड वाकळी टांगा, खाली सतरंजी, कोपऱ्यात गाद्यांचा ढीग. महागड्या फोमपेक्षा कापूस वाईट काम करत नाही. जुनी मातीच्या भिंतींची कवेलूची घरं याबाबतीत नशीबवान. तिथं बास छतातून बाहेर पळतो, पण शब्द स्वच्छ येतो. टिनाच्या छताखाली पावसाळ्यात हा पिक्चर लावूच नका.

आणि कूलर! चंद्रपूरकडचा उन्हाळा, पारा पंचेचाळीसच्या वर, खिडकीत घरघरणारा लोखंडी कूलर, आणि त्यात तुम्ही भुताची कुजबुज ऐकायला बसता. माणूस आवाज वाढवतो, मग गाणं आलं की घर हादरतं. तुमच्या तक्रारीतला निम्मा भाग तिथंच असेल. कूलर शेजारच्या खोलीच्या खिडकीत सरकवून दारातून हवा येऊ द्या, किंवा सरळ थंडीची वाट बघा. दिवाळीनंतरच्या रात्री आपल्याकडं नाटकाच्याही असतात आणि पिक्चरच्याही.

विजेचं थोडक्यात. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून टीव्ही आणि प्लेअरला स्टॅबिलायझर द्या. स्पीकरमध्ये सतत ‘हूंऽऽ’ येत असेल तर अर्थिंग बघा. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घाला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लोडशेडिंगमध्ये तो हूं परत येणारच. साइन वेव्हचा घ्या.

स्ट्रीमिंग की डिस्क, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता. स्ट्रीमिंगवर ४के साधारण १५ ते २५ एमबीपीएसमध्ये (सेकंदाला इतके मेगाबिट डेटा) येतं, तेही नेट साथ देईल तेव्हा. रात्री आठला टॉवरवर सगळं गाव असतं. ४के डिस्कला शंभरच्या आसपास जायची मुभा आहे. साध्या, उजळ, गप्पांच्या पिक्चरमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. या पिक्चरमध्ये जाणवतो. मेलेल्यांच्या ऑफिसमधला धुरकट हिरवा उजेड कमी डेटात पायऱ्यापायऱ्यांनी तुटतो. ४के डिस्कचा दहा बिटचा रंग म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या १०२४ छटा, साध्या आठ बिटमध्ये २५६. शिवाय दाणा हा डेटाचा राक्षस आहे, प्रत्येक फ्रेममध्ये नवा. जागा कमी पडली की स्ट्रीमिंग सर्वांत आधी त्याचेच चौकोनी तुकडे करतं. बीटलज्यूसच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सूटचंही तसंच, डेटा कमी पडला की त्या पट्ट्या लुकलुकतात.

सेटिंग झालं की सगळा पिक्चर पाहण्याआधी काही जागा तपासा. सुरुवातीचाच शॉट: कॅमेरा झाडीवरून, गावावरून उडत येतो, आणि कुठंतरी खरं गाव संपून त्या नवऱ्यानं घराच्या माळ्यावर बनवलेलं गावाचं लाकडी मॉडेल सुरू होतं. ती जागा शोधा. मग त्या इवल्या घराच्या छपरावर भलामोठा कोळी चढतो, आणि माणसाचा हात येऊन त्याला उचलून खिडकीबाहेर सोडतो. घाबरवलं, मग हसवलं, आणि पुढं सगळा पिक्चर मोठ्या-लहानाच्या याच खेळावर चालणार हेही सांगून टाकलं. त्या मॉडेलचं लाकूड लाकडासारखं आणि झाडं भुशाची दिसली की टीव्ही बरोबर लागला समजा.

दुसरी जागा पुलावरची. गाडी पुलाबाहेर लोंबकळते आहे, तिला तोलून धरणाऱ्या फळीच्या दुसऱ्या टोकावर एक कुत्रा उभा. तो बघतो, आणि फळीवरून उतरतो. बस. दोन जीव गेले आणि आपण हसलो. इथं विनोद ओरडून सांगितलेला नाही. हळू आवाज ऐकू येणं का महत्त्वाचं ते इथं कळेल.

तिसरी, जेवणाची. पाहुणे जमलेत, घरमालकीण (कॅथरीन ओहारा) काहीतरी उच्चभ्रू बोलायला तोंड उघडते आणि आतून हॅरी बेलाफॉन्टेचा भरदार आवाज निघतो, केळी भरणाऱ्या मजुरांचं गाणं. सगळे नाचायला लागतात, आपल्या इच्छेविरुद्ध. शेवटी ताटातले झिंगे हात होऊन तोंड धरतात. इथं आवाज पीसीएमवर नीट लावला असेल तर गाण्याचा ठेका छातीत येईल पण भांडी वाजणार नाहीत. आणि झिंग्यांच्या हातांवरचं रबर पाहा, ओलं, चकचकीत. ते खरं दिसलं असतं तर किळस आली असती.

मेलेल्यांच्या ऑफिसातल्या प्रतीक्षालयात रेंगाळा. प्रत्येक मेलेला माणूस कसा मेला ते त्याच्या अंगावर लिहिलं आहे, जळालेला, अर्धा कापलेला, मुंडकं सुकून लिंबाएवढं झालेला, आणि सगळे सरकारी कचेरीतल्यासारखे नंबर धरून बसलेत. हे दृश्य थांबवून बघण्यासाठीच आहे. मोबाइलवर त्यातले निम्मे लोक तुम्हाला दिसलेच नसतील. जाता जाता लक्षात घ्या, ज्याच्या नावाचा पिक्चर आहे तो मायकेल कीटन सुमारे ९२ मिनिटांत सतरा-अठरा मिनिटंच पडद्यावर आहे. तो इतकं भरभर बोलतो की इंग्रजी सबटायटल लावाच, लाज कसली. एचडीआरमध्ये ती अक्षरं डोळ्यात घुसत असतील तर काही प्लेअरमध्ये त्यांचा उजेड कमी करता येतो. घरात लहान मुलं असतील तर आधी एकट्यानं पाहून घ्या, एक-दोन जागा त्यांच्यासाठी नाहीत.

आपल्या ‘झपाटलेला’लाही (१९९३) हेच नियम लावा. रामदास पाध्यांचा तात्या विंचू बोलका बाहुला आहे म्हणून तर अंगावर येतो. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद ठेवा आणि जुनी प्रत असेल तर पडदा भरायला चित्र ताणू नका. चौकोनी चित्राला बाजूनं काळी जागा राहिली तर राहू द्या. ताणलेला तात्या जाडा दिसतो, आणि जाड्या तात्याला कोण भिणार?

नवीन डिस्क मागवायच्या आधी एक काम करा. याच पिक्चरचं प्रतीक्षालय आधी ब्लू-रेवर आणि मग ४केवर, त्याच जागी बसून, ट्यूबलाइट बंद करून बघा. फरक दिसला तर पुढची डिस्क ४के घ्या. नाही दिसला तर ब्लू-रेच घ्या, आणि उरलेल्या पैशात वेगळा मधला स्पीकर असलेला साउंडबार.